उमेदवारी ते प्रशिक्षण : कोल्हापूर परिसरातील औद्योगिक शिवणकामाच्या शिक्षणाचा एक ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

कोल्हापूरच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन करताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच काही ठळक खुणांकडे जाते. राजर्षी शाहू छत्रपतींनी २७ सप्टेंबर १९०६ रोजी स्थापन केलेली शाहू मिल, इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी सुरू केलेला पहिला यंत्रमाग, गुळाची बाजारपेठ, शिवाजी उद्यमनगरातील ओतकाम व तेलइंजिने यांवर बरेच लेखन झाले आहे आणि ते योग्यही आहे. परंतु सूत काढणे आणि कापड विणणे यांचा इतिहास जितका लिहिला गेला, तितका ते कापड शिवण्याचा लिहिला गेला नाही. शिवणकाम हे एकतर जातीचा परंपरागत व्यवसाय म्हणून समाजशास्त्राकडे गेले, नाहीतर स्त्रियांचे घरगुती कौशल्य म्हणून गृहविज्ञानाकडे. उद्योगाच्या इतिहासात त्याला पाट मिळाला नाही.

प्रस्तुत निबंधात याच कामाचा विचार एका मर्यादित प्रश्नापुरता केला आहे. शिवणकाम शिकवले कोणी, कोणत्या क्रमाने, आणि शिकणाऱ्याने त्याचे मोल कशात चुकवले? हा प्रश्न वरवर साधा वाटतो. मात्र त्याची कागदपत्रे फारशी नाहीत, कारण उमेदवारी हा तोंडी व्यवहार होता. मुलाला दुकानात बसवताना बाप आणि कारागीर यांच्यात जे ठरे त्याची नोंद वहीत होत नसे. त्यामुळे कायद्यांची कलमे, संस्थानकालीन शिक्षणविषयक निर्णय, यंत्राच्या प्रसाराचा ज्ञात इतिहास आणि लेखकाचा स्वतःचा अनुभव अशा विषम साधनांवर विसंबून राहावे लागले आहे. लेखकाने महाविद्यालयीन वयात काही महिने एका तयार कपड्यांच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून काम केले आहे आणि त्याची आई अनेक वर्षे घरी काजे-बटणांचे काम करीत असे. ही माहिती वाचकापासून लपवून तटस्थतेचा आव आणण्यापेक्षा ती आरंभीच सांगणे अधिक प्रामाणिक ठरेल.

'उमेदवार' या शब्दाविषयी

मराठीत शिकाऊ कामगारासाठी रूढ असलेला शब्द 'उमेदवार' हा आहे. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. जो आशेवर आहे तो उमेदवार. कचेरीत बिनपगारी लिहिणे करीत जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा तरुण उमेदवारी करतो, तसाच शिंप्याच्या दुकानात बटणे लावणारा मुलगाही उमेदवारीच करतो. निवडणुकीस उभा राहणारा इसमही उमेदवारच, हा योगायोग गमतीचा असला तरी अर्थाला सोडून नाही. तिघेही आज देतात आणि उद्या मिळण्याची अपेक्षा धरतात. १९६१ च्या केंद्रीय कायद्याचे मराठी नाव ठरवताना 'शिकाऊ उमेदवार' असा जोडशब्द आला. त्यात 'शिकणे' हे आधी व 'आशा' नंतर आहे. जुन्या शब्दात शिकण्याचा उल्लेखच नव्हता. आशेचाच होता. या फरकाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

दुकानातील क्रम

अलुत्या-बलुत्यांच्या काही याद्यांत शिंप्याचा समावेश अलुतेदारांत केलेला आढळतो. म्हणजे सुतार-लोहारांप्रमाणे त्याची गरज शेतीला रोज पडत नसे. गावगाड्यात त्याचे स्थान थोडे कडेचे होते, आणि म्हणूनच पेठेच्या गावी त्याचे बस्तान अधिक पक्के असे. संत नामदेवांमुळे या व्यवसायाला मराठी मनात एक आदराचे स्थानही आहे. कोल्हापूरसारख्या राजधानीच्या शहरात दरबारी पोशाख, लष्करी गणवेश, लग्नसराई यांमुळे शिंपी व दर्जी या दोहोंना काम होते.

दुकानातील शिक्षणाचा क्रम जवळजवळ सर्वत्र सारखा होता, आणि ज्यांनी तो अनुभवला असे वृद्ध कारागीर आजही तो याच क्रमाने सांगतात. पहिले काम दुकान झाडणे, कोळशाची इस्त्री पेटवणे, चहा आणणे. त्यानंतर सुईत दोरा ओवणे, बटणे लावणे, धावदोरा घालून कच्ची शिलाई करणे. मग तुरपाई. मग काजे. काज हा हातशिलाईचा कस मानला जाई, कारण त्यात टाक्यांची दाटी आणि ताण दोन्ही एकसारखे राखावे लागतात. त्यानंतर मशीनवर बसण्याची परवानगी मिळे, तीही आधी लेंगा, पिशवी, उशीची खोळ अशा सरळ शिलाईच्या वस्तूंसाठी. सदरा आणि कॉलर नंतर. आणि सर्वांत शेवटी, कित्येकदा कधीच नाही, कात्री.

कापणी शेवटी का ठेवली जाई, याचे उत्तर सामान्यतः 'विद्या राखून ठेवण्याची वृत्ती' असे दिले जाते. ते पूर्ण सत्य नाही असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. चुकलेली शिलाई उसवता येते, चुकलेली कापणी जोडता येत नाही. कापड गिऱ्हाइकाचे असते. त्याची भरपाई दुकानाच्या गल्ल्यातून करावी लागते. शिकाऊ मुलाच्या चुकीची किंमत जसजशी वाढते तसतसे ते काम क्रमात मागे जाते, हा या शिक्षणपद्धतीचा साधा अर्थशास्त्रीय नियम होता. चामड्याच्या कामातही तो दिसतो. कोल्हापुरी चपलेचे तळ वादीने शिवण्यासाठी आरी हाती येते, पण चामडे कापणारी रापी अनुभवी हातातच राहते. अर्थात, राखून ठेवण्याची वृत्ती मुळीच नव्हती असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मापे स्वतःच्या खुणांच्या भाषेत लिहून ठेवणारे मास्तर होते आणि मुलाला जेवायला पाठवून त्या वेळेत कापणी उरकणारेही होते.

तरीही या पद्धतीत एक गोष्ट होती. मुलगा कोपऱ्यात बसून बटण लावीत असला तरी त्याच्या डोळ्यांसमोर संपूर्ण कपडा तयार होत असे. मोजमापापासून गिऱ्हाइकाच्या तक्रारीपर्यंत सर्व काही त्या दहा बाय बाराच्या खोलीत घडे. पाहणे हे त्याच्या शिक्षणाचे अर्धे अंग होते, आणि ते फुकट होते.

सक्तीचे शिक्षण आणि दुकान

शाहू छत्रपतींच्या शिक्षणविषयक कार्याचा विचार वसतिगृहे व सक्तीचे प्राथमिक शिक्षण या दोन अंगांनी नेहमी होतो. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ साली निघाले. त्यानंतर विविध समाजांची वसतिगृहे निघत गेली. या यादीत १९०८ चे नामदेव बोर्डिंग आणि १९१९ चे ढोर-चांभार बोर्डिंग ही नावे आहेत. एक सुईचा समाज, दुसरे आरीचे समाज. वसतिगृहांची नावे जातींची असली तरी त्यांचा हेतू त्या जातींच्या मुलांना जातीच्या धंद्यात पक्के करणे हा नव्हता. धंद्याबाहेरची वाट, म्हणजे शाळा, महाविद्यालय, वकिली, दरबारची नोकरी, त्यांना खुली व्हावी हा होता. २६ जुलै १९०२ च्या पन्नास टक्के राखीव जागांच्या जाहीरनाम्याशी हे धोरण सुसंगतच होते. जागा राखल्या, पण त्या भरण्यास शिकलेली मुले हवीत.

१९१७ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने याच्याही पुढचे पाऊल टाकले. मुलास शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरवण्यात आला. या दंडाकडे आपण शिक्षणाच्या बाजूने पाहतो. कारागिराच्या घरातून पाहिल्यास तो निराळा दिसतो. आठ-नऊ वर्षांचे वय हे दुकानात बसण्याचे वय होते. बोटे लवचिक असतात, नजर तीक्ष्ण असते आणि मजुरी द्यावी लागत नाही. कायद्याने नेमके तेच वय शाळेकडे वळवले. म्हणजे राज्यसत्तेने प्रथमच उमेदवारीच्या तोंडी करारात हस्तक्षेप केला, तोही उमेदवारीचे नाव न घेता.

हा हस्तक्षेप योग्य होता याबद्दल लेखकाच्या मनात शंका नाही. जन्माने ठरलेला धंदा शिकण्यास 'शिक्षण' म्हणणे हा एका अर्थी शब्दांचा खेळच आहे. पण त्यामुळे एक फाट पडली, ती मात्र नोंदवली पाहिजे. शाळा हे अक्षराचे स्थान ठरले आणि दुकान हे शाळा सुटलेल्या, नापास झालेल्या, फी न परवडणाऱ्या मुलांचे. हाताच्या शिक्षणाला पुढील शंभर वर्षांत जो दुय्यमपणा चिकटला त्याची सुरुवात कोणाच्या दुष्ट हेतूने झाली नाही. ती एका चांगल्या निर्णयाची पडछाया होती.

यंत्र कोणाच्या मालकीचे?

पॅरिसमध्ये बार्थेलेमी थिमोनिए याने १८३० साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि सैन्याचे गणवेश शिवण्यासाठी कारखाना काढला. थोड्याच काळात संतप्त शिंप्यांनी तो मोडून टाकला. कोल्हापुरात किंवा एकूणच महाराष्ट्रात शिवणयंत्राविरुद्ध असा उद्रेक झाल्याचे दिसत नाही. याचे कारण आपले कारागीर सोशिक होते हे नव्हे. यंत्र ज्या मार्गाने आले तो मार्ग वेगळा होता. सिंगर कंपनीने १८५६ पासून अमेरिकेत हप्त्याने यंत्र विकण्याची पद्धत सुरू केली होती. भारतातही तिचा पसारा नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी व्यवस्थापकाच्या देखरेखीखाली दुकाने, फिरते विक्रेते आणि हप्ते यांच्या आधारे वाढला. पॅरिसमध्ये यंत्र कारखानदाराचे होते आणि शिंपी त्याचा मजूर होणार होता. येथे यंत्र शिंप्याच्याच ओसरीवर आले. त्याने उमेदवाराची जागा हिरावली नाही, उलट त्याला बसण्यासाठी एक नवी पायरी दिली. पुढे १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' यंत्रे बनवण्यास प्रारंभ केल्यावर ते देशी नावानेही घराघरांत पोहोचले.

यंत्रसंस्कृतीचे कडवे टीकाकार असलेल्या महात्मा गांधींनी १९२४ साली एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली होती, हे येथे आठवते. ते यंत्र पत्नीचे कष्ट कमी व्हावेत या प्रेमातून जन्मले अशी त्यांची धारणा होती. मात्र त्याच संभाषणात, असे यंत्र बनवायला कारखाना लागेलच या आक्षेपाला उत्तर देताना, तो कारखाना राष्ट्राच्या मालकीचा किंवा शासनाच्या नियंत्रणाखाली असावा असे त्यांनी सुचवले. या विधानाचा पहिला भागच लोकांच्या लक्षात राहिला. मालकीचा प्रश्न बाजूला पडला.

यंत्राने आणखी एक गोष्ट केली. शिवणकाम जातीच्या कुंपणाबाहेर नेले. १९०९ साली पुण्यात निघालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी विधवा व गरजू स्त्रियांना शिवण शिकवून स्वावलंबनाची वाट दाखवली. तेव्हापासून 'शिवणक्लास' ही मराठी स्त्रीजीवनातील एक स्थिर संस्था बनली. कोल्हापूरच्या पेठांतून असे वर्ग आजही चालतात. परंतु हा वर्ग म्हणजे उमेदवारी नव्हे. तेथे शिकणारी स्त्री फी भरते, कागदावर आराखडे काढते, स्वतःचे ब्लाऊज स्वतः कापते. दुकानातल्या मुलाला वर्षानुवर्षे न मिळालेली कात्री तिच्या हाती पहिल्या महिन्यात येते, कारण कापड तिचे स्वतःचे असते. चुकीची किंमत कोण भरतो यावर शिक्षणाचा क्रम ठरतो, हा आधी मांडलेला नियम येथे उलट्या बाजूने सिद्ध होतो.

कायद्याची चौकट

ब्रिटिश हिंदुस्थानात उमेदवारीविषयीचा पहिला कायदा १८५० चा, म्हणजे त्या वर्षीचा १९ वा अधिनियम होय. अनाथ व गरीब मुलांना एखाद्या धंद्यात करारबद्ध करून शिकवणे हा त्याचा मुख्य रोख. कोल्हापूर हे संस्थान होते आणि १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले. तोवर येथील उमेदवारी रूढीवरच चालली. १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम १ मार्च १९६२ पासून अमलात आला. विलीनीकरणाला बरोबर तेरा वर्षे होत होती, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली.

या कायद्याने लेखी करार, त्याची नोंदणी, ठरलेला कालावधी व विद्यावेतन या गोष्टी आणल्या. परंतु त्याच्या दोन कलमांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. १८ व्या कलमानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. २२ व्या कलमानुसार मुदत संपल्यावर त्याला नोकरी देणे मालकावर, करारात तसे ठरलेले नसल्यास, बंधनकारक नाही. 'उमेदवार' या शब्दातील आशेला कायद्याने अशी सीमा घातली. २०१४ च्या दुरुस्तीने मालकांसाठीची कारावासाची शिक्षा काढून दंड ठेवला. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेने विद्यावेतनाचा एक चतुर्थांश भाग, दरमहा १५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र शासनाने उचलला. २०१९ च्या नियमबदलानंतर तीस किंवा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक व त्याखालील लहान आस्थापनांना ऐच्छिक झाले.

कोल्हापुरातील बहुतेक शिवणकाम मात्र या 'ऐच्छिक' वर्गात, किंवा त्याच्याही खाली, चालत आले आहे. एका गाळ्यात आठ मशिनी, शेजारच्या गाळ्यात दुसऱ्या नावाने आणखी आठ, ही रचना कोणी पाहिली नाही असे नाही.

कारखान्यातील शिकाऊ

इचलकरंजीत कापड भरपूर विणले जाई, पण ते बव्हंशी कोरे बाहेर जाई आणि तयार कपडा होऊन परत येई. तयार कपड्यांचे उत्पादन दीर्घकाळ लघुउद्योगांसाठी राखीव होते. २००० च्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग धोरणाने विणलेल्या कापडाच्या कपड्यांवरील राखीवपणा उठवण्याचा मार्ग मोकळा केला आणि २००४ च्या अखेरीस जागतिक कोटापद्धती संपुष्टात आली. शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली. एका दशकाच्या आत शहराची मोठी गिरणी थांबली आणि परिसरात शिलाईचे छोटे-मोठे कारखाने वाढले.

या काळात, २००७ च्या सुट्टीत, प्रस्तुत लेखक एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. पहिले दोन आठवडे मशीनमध्ये दोरा नव्हता. कागदावर आखलेल्या सरळ रेषेवरून, मग काटकोनावरून, मग शंखाच्या वळणावरून रिकामी सुई चालवायची आणि छिद्रे रेषेवर पडली की नाही ते उजेडात धरून पाहायचे. घरच्या पायमशीनचा वेग मिनिटाला काही शे टाक्यांचा. औद्योगिक मशीन चार-पाच हजार टाक्यांपर्यंत जाते. त्या काळच्या क्लच मोटरवर पाय किंचित अधिक दाबला गेला की कापड हातातून सुटे. शिकायचे होते ते शिवणे नव्हे, पायाने थांबणे. फूट गुडघ्याने उचलायचे, दोन्ही हात कापडावर, नजर सुईवर न ठेवता सुईच्या थोडी पुढे. सुई बोटातून गेल्याशिवाय कारागीर होत नाही, असे शेजारची बाई हसत सांगे. माझ्या बाबतीत ते पाचव्या आठवड्यात झाले. पट्टी बांधली, त्या दिवसाचा खाडा मात्र लागला.

त्यानंतर चार महिने मी फक्त खिसा जोडला. शर्टाचा डावा खिसा, पाच कोनी, दोन्ही टोकांना उलटटाका. त्याआधी काय होते आणि नंतर काय होते ते गठ्ठ्यांच्या रूपाने समजे. गठ्ठा डावीकडून येई, उजवीकडे जाई. कॉलर कशी बसते हे मला आजही येत नाही. अर्धा पगार कशासाठी, असे विचारले असता 'तुझी अजून उमेदवारी चालू आहे' असे उत्तर मिळाले. लेखी करार नव्हता, त्यामुळे ती केव्हा संपणार हेही ठरलेले नव्हते. माझ्याबरोबर लागलेल्या मुलींपैकी काहींचा वेग तोपर्यंत जुन्या कारागिरांच्या बरोबरीला आला होता आणि त्यांच्याही वाट्याला तेच उत्तर होते.

हा अनुभव एका कारखान्याचा आहे आणि त्यावरून सर्वांविषयी विधान करणे शास्त्रीय होणार नाही. परंतु शिक्षणपद्धतीचा फरक येथे स्पष्ट होतो. जुन्या दुकानात मुलगा हळू शिके, त्याला राबवले जाई, पण संपूर्ण कपडा त्याच्या नजरेखालून जाई आणि एके दिवशी स्वतःचे दुकान थाटण्याची शक्यता त्यात गृहीत असे. कारखान्यात शिक्षण काही आठवड्यांत आटोपते. एका क्रियेत हात बसला की शिकण्यासारखे फारसे उरत नाही. उमेदवारीचा काळ मात्र तेवढ्याच मानाने आखडत नाही. कामाचे तुकडे झाले, क्रिया लहान झाली, आणि कमी मजुरीची सबब तेवढीच लांब राहिली.

दोन प्रमाणपत्रे

अलीकडच्या कौशल्यविकास अभ्यासक्रमांत 'स्युइंग मशीन ऑपरेटर' आणि 'स्वयंरोजगारी शिंपी' अशा दोन स्वतंत्र भूमिका केलेल्या आहेत. पहिलीला यंत्र चालवता यावे, दुसरीला माप घेण्यापासून कपडा देण्यापर्यंत सर्व काही. प्रशासकीय सोयीसाठी केलेली ही विभागणी वस्तुतः वर वर्णिलेल्या इतिहासाचीच नोंद आहे.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपी आणि चर्मकार या दोहोंचा समावेश आहे. योजनेच्या उद्देशांत गुरू-शिष्य परंपरेचा उल्लेख आहे. प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. अट अशी की अर्जदार असंघटित क्षेत्रात स्वयंरोजगारावर हाताने व अवजाराने काम करणारा असावा. माझ्या शेजारच्या मशीनवर बसणारी ती बाई आता पन्नाशीला आली आहे. वीस वर्षे तिने कफ जोडले आहेत. तिने या योजनेविषयी विचारले तेव्हा मी अटी वाचून दाखवल्या. तिने थोडा विचार करून सांगितले की कफ तिला डोळे मिटून जोडता येतो, पण घरी कोणी शर्ट शिवायला आणून दिला तर बाही कापायला ती अजून गल्लीतल्या मास्तरकडेच पाठवते. मग अर्जात धंदा कोणता लिहायचा, असे तिने विचारले. तो रकाना आम्ही त्या दिवशी रिकामाच ठेवला.